गाडीचा पोचा घरी निघतो का?

"टीचर, उकळतं पाणी ओतलं की डेंट बाहेर येतो म्हणे. खरं का हो?"

आमच्या स्टाफरूममध्ये हा प्रश्न वर्षातून तीन-चारदा तरी माझ्याकडे येतो. मी गोव्यात डिचोलीतल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते, आणि माझ्या पांढऱ्या वॅगनआरला नऊ वर्षांत चार वेगवेगळ्या जागी पोचे पडले. त्यांतल्या तीन ठिकाणी मी आधी घरी प्रयत्न केला. एक पूर्ण निघाला, एक अर्धा निघाला, एक मी स्वतः बिघडवला आणि एकाला हात न लावता कारागिराला बोलावलं. म्हणून स्टाफरूममध्ये माझं उत्तर ठरलेलं असतं: बंपरवर ओता, दारावर ओतू नका. पण एवढ्यावर भागत नाही. कुठला पोचा आपल्या हातचा आणि कुठला नाही हे ओळखता आलं, तर पैसेही वाचतात आणि पत्राही वाचतो. ते ओळखायचं कसं, हेच आज सविस्तर लिहिते.

आधी पोचा नीट बघा, आणि तो वाकून बघा. संध्याकाळी गाडी पोर्चमध्ये लावून ट्यूबलाइट पेटवा. पत्र्यावर ट्यूबचं प्रतिबिंब सरळ रेघेसारखं पडतं. डोकं थोडं इकडेतिकडे हलवून ती रेघ पोच्यावर आणा. रेघ हळूच वाकली आणि पलीकडे पुन्हा सरळ झाली, तर पत्रा फक्त आत बसला आहे. रेघ कोपरा करून मोडली, किंवा तुटून दोन जागी दिसली, तर तिथे पत्र्याला घडी पडली आहे. ट्यूबलाइट नसेल तर दिवसा विजेच्या तारेचं प्रतिबिंब चालतं. पोच्याची खोली डोळ्यांनी कळत नाही, या रेघेने कळते. पोचे काढणारे कारागीरसुद्धा पट्टेदार दिवा लावून हेच बघतात.

मग नख फिरवा. नख कुठे अडकलं, रंगाला बारीक चीर दिसली, तर थांबा. अशा वेळी पोचा बाजूला ठेवून आधी रंगाचं बघायचं, त्याबद्दल पुढे लिहिते. पोचा दाराच्या मधल्या सपाट भागात आहे की दारावरून लांबवर जाणाऱ्या उठावदार रेघेवर, हेही बघा. ती रेघ पत्र्याला ताठपणा देण्यासाठीच काढलेली असते. तिच्यावर किंवा पत्रा जिथे दुमडला आहे त्या कडेजवळ बसलेला पोचा घरच्या कुठल्याही उपायाने निघालेला मी पाहिला नाही.

शेवटी फ्रिजवरचं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून पोच्याच्या आसपास फिरवा. आजूबाजूला चुंबक चिकटतं आणि एखाद्याच जागी ढिलं पडतं, तर तिथे रंगाखाली पुट्टी, म्हणजे खड्डा बुजवायचा लेप, आहे. गाडी सेकंड हँड घेतलेली असेल तर ही तपासणी चुकवू नका. मी चुकवली होती. बंपरवर चुंबक मुळीच चिकटणार नाही, कारण तो प्लास्टिकचा असतो, आणि उकळत्या पाण्याची सगळी गोष्ट तिथेच आहे.

माझा पहिला पोचा मागच्या बंपरला होता. नार्व्याला मावशीकडून निघताना गाडी मागे घेतली आणि फाटकाचा चिऱ्याचा खांब डाव्या कोपऱ्याला लागला. कोपरा तळहाताएवढा आत गेला, रंग मात्र शाबूत होता. मावशी म्हणाली, "अगो, उद्या गॅरेजात ने," पण दुसऱ्या दिवशी रविवार होता. म्हणून मी घरीच केलं. ते असं.

आधी बंपर धुतला, कारण आमच्याकडची तांबडी धूळ रंगावर असताना दाबलं की तिचे ओरखडे उठतात. मग खालून हात घालून पोच्याच्या मागच्या बाजूला बोटं पोचतात का ते पाहिलं. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पाणी फक्त प्लास्टिक मऊ करतं, बाहेर ढकलायचं काम आपल्यालाच करावं लागतं. मागे हात पोचत नसेल, तर चाकाच्या बाजूचे एकदोन स्क्रू काढून वाट होते का बघा. गाडीला मागे पार्किंग सेन्सर असतील तर पोचा त्यांच्यापासून किती लांब आहे तेही बघा. सेन्सरलाच धक्का बसला असेल तर घरी काही करू नका.

चहाच्या मोठ्या टोपात तीन लिटर पाणी खळखळून उकळलं. घरातल्या मुलाला आणि मांजराला आत ठेवलं. पाणी एकदम ओतायचं नाही. वीतभर उंचीवरून, पोच्याच्या कडेपासून मध्याकडे, बारीक धारेने ओतायचं. दीडेक लिटर पाणी गेल्यावर लगेच जाड रबरी हातमोजा घालून मागून ढकलायचं. सगळ्यात खोल जागेवर बोट खुपसायचं नाही, कडेकडेने आत सरकत तळहाताने दाबायचं. हाताला वेळ मिळतो तो दहा-पंधरा सेकंदांचा. माझा कोपरा पहिल्या खेपेला अर्धा आला, दुसऱ्या खेपेला टक्‌ असा आवाज होऊन पुरता बाहेर आला. तो आवाज बंपरची कड तिच्या खाचेत परत बसल्याचाही होता. आकार जमला की लगेच थंड पाणी ओता, म्हणजे प्लास्टिक त्याच आकारात घट्ट होतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतरही हलत नसेल तर सोडून द्या. जोर वाढवला तर प्लास्टिक पांढरं पडतं आणि मग चिरतं.

हे होतं कसं ते सांगते, कारण कारण कळलं की कुठे होणार नाही तेही कळतं. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लास्टिकचे असतात. मुलांच्या टिफिनची झाकणंही बऱ्याचदा त्याचीच असतात. वाकडं झालेलं झाकण गरम पाण्यात टाकून ताटाखाली दाबून ठेवलं की सरळ होतं, हे घरोघरी केलेलं असतं. हे प्लास्टिक वितळतं १६० अंश सेल्सिअसच्या आसपास. उकळतं पाणी १०० अंशांचं, तेही ओतता ओतता थंड होतं. म्हणजे प्लास्टिक मऊ होण्याइतकी उष्णता मिळते, वितळण्याइतकी मिळत नाही, म्हणून पाणी हा सुरक्षित मार्ग आहे. हीट गनचं तसं नाही. ती कित्येक शे अंशांची हवा फेकते आणि रंगाला फोड येतात. केसांचा ड्रायर चालतो, पण तो एका जागी न धरता फिरवत राहायचा, आणि पाण्यापेक्षा वेळ जास्त लागतो. बंपर आधी कधी पुट्टी लावून रंगवला असेल तर मात्र पाणीही नको. पुट्टीला तेवढी लवचिकता नसते, ती तडकते.

आता पत्रा. दारं, फेंडर (चाकावरचा पत्रा), छत, बॉनेट हे बहुतेक गाड्यांत पोलादी पत्र्याचे असतात. पोलाद १०० अंशांना मुळीच मऊ होत नाही, त्याला शेकडो अंश लागतात. दारावर कितीही किटल्या रिकाम्या केल्या तरी पत्र्याला त्याचं काही वाटत नाही.

"पण टीचर, हेअर ड्रायरने तापवून वर बर्फ फिरवला की पत्रा आकसतो आणि डेंट उडतो ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. पोलाद तापल्यावर किती वाढतं याचा हिशेब दहावीच्या मुलालाही जमेल. एक मीटर लांबीचं पोलाद दर अंशाला साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं. पोचा १० सेंटिमीटरचा धरला आणि तापवण्यात व गार करण्यात ६० अंशांचा फरक पाडला, तर वाढ होते ०.०७ मिलिमीटर, म्हणजे एका केसाच्या जाडीएवढी. तेवढ्याने पाच मिलिमीटर खोल गेलेला पत्रा कसा उठेल?

तरी नुसत्या हिशेबावर मुलांचा विश्वास बसत नाही, आणि बसूही नये. म्हणून गेल्या वर्षी आम्ही भंगारवाल्याकडून एका जुन्या गाडीचं दार आणलं. कुलपाच्या भोकाशी पत्र्याची मोकळी कड मिळाली. तिथे प्रयोगशाळेतल्या स्क्रू गेजने जाडी मोजली, रंगासकट ०.८ मिलिमीटर. पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंचा रंग काढून मोजली तर ०.७. आपल्या पोराबाळांना घेऊन आपण फिरतो त्या गाडीचा बाहेरचा पत्रा पोस्टकार्डाच्या दोन-तीन थरांएवढाच असतो, हे पाहून वर्गात शांतता पसरली होती. जोर त्याच्या आतल्या आडव्या दांड्यात आणि सांगाड्यात असतो, तेही मग मुलांना दाखवलं.

त्या दारावर आम्ही तीन पोचे पाडले. एक मधोमध गुडघ्याने दाबून, ताटाएवढा रुंद आणि उथळ. दुसरा अख्खा, न सोललेला नारळ दीड मीटरवरून टाकून, वाटीएवढा. तिसरा चिऱ्याच्या कोपऱ्याने ठोकून, रुपयाएवढा पण टोकदार. ड्रायर आणि बर्फ तिन्हींवर करून पाहिले. नारळाचा आणि चिऱ्याचा पोचा जसाच्या तसा राहिला. गुडघ्याचा पोचा एकदा खरोखर टुपकन बाहेर आला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण तोच पोचा पुन्हा पाडून मागून नुसत्या तळहाताने ढकलला तरी तसाच बाहेर आला. तो आधीच बाहेर यायला टेकलेला होता, त्याला जराशा निमित्ताची गरज होती. फोनवर जे व्हिडिओ फिरतात त्यांत बहुधा असाच पोचा असतो.

यात फरक असा. पत्र्याच्या डब्याचं झाकण अंगठ्याने दाबलं की आत जातं आणि सोडलं की टक्‌ करून वर येतं. पत्रा वाकला, पण ताणला गेला नाही. तेच झाकण दगडावर आपटलं तर तिथला पत्रा ताणून लांब झालेला असतो, आणि लांब झालेल्या पत्र्याला जुन्या जागेत परत बसायला जागाच उरत नाही. आमच्या आळीजवळ तांब्यापितळेची भांडी ठोकणारे एक कांसार होते. हंड्याचा पोचा काढायला आई त्यांच्याकडे पाठवायची. ते हंड्याच्या आत लोखंडी आधार धरायचे, बाहेरून लाकडी हातोडीने अगदी हलके ठोके द्यायचे, आणि पोच्याच्या मध्यावर न मारता भोवतीच्या कडेवर मारत मारत आत यायचे. गाडीचं टिंकरिंग करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी मला हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं: "टीचर, मागून आधार नसताना मारलं की पत्रा वाढतो. वाढलेला पत्रा मग आम्हांलाही आवरत नाही." म्हणून घरातली हातोडी गाडीजवळ आणू नका, फडकं गुंडाळूनही नाही.

उड्या मारणारा पोचा, म्हणजे रुंद, उथळ, घडी नसलेला, दाराच्या किंवा फेंडरच्या सपाट भागातला, त्यावर सिंक तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप चालतो. माझा दुसरा पोचा तसा होता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गाडी लावली होती. भाजी आणि चार गावठी मिरच्यांच्या माळा घेऊन आले तर ड्रायव्हरच्या मागच्या दारात बशीएवढा खळगा, आणि त्याच्या वरच्या कडेला स्कूटरच्या हँडलचा काळा रबरी डाग.

पंप नवा घ्या, साध्या वाटीचा, खाली नळी लटकणारा नको. दार धुवून पुसा. सकाळी दहा-अकराचं ऊन दारावर पडलं की काम करा, कारण कोमट पत्र्यावरचा रंग थोडा लवचिक असतो आणि थंडगार रंग चिरण्याची भीती जास्त. वाटीच्या कडेला साबणाचं पाणी लावा. वाटी पोच्यापेक्षा थोडी मोठी हवी, म्हणजे कड सपाट पत्र्यावर टेकते. हवा जाईपर्यंत दाबा आणि सरळ आपल्याकडे, छोट्या छोट्या झटक्यांनी ओढा. वाकडं ओढलं की हवा शिरते. दांडा डावी-उजवीकडे हलवू नका, वाटीखाली कण अडकलेला असला तर गोल ओरखडा उठतो.

हा पंप दिसतो साधा, पण त्याची ताकद कमी लेखू नका. वाटी १२ सेंटिमीटर व्यासाची असेल तर तिच्याखाली सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर जागा येते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. आतली सगळी हवा निघाली असं धरलं तर हिशेबाने ओढ शंभर किलोंच्या वर जाते. प्रत्यक्षात कडेने हवा शिरते म्हणून त्यापेक्षा बरीच कमी मिळते, पण पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याला तीही पुरते. म्हणून अंगाचा सगळा भार देऊन ओढायचं नाही. जास्त ओढलं तर खळग्याच्या जागी टेंगूळ येतं, आणि टेंगूळ खाली बसवणं हे आपलं काम नव्हे.

माझा खळगा सातव्या-आठव्या झटक्याला आला. पण पूर्ण नाही. मधला भाग वर आला आणि भोवती बांगडीसारखी एक हलकी उंच कड राहिली. ती समोरून दिसत नाही, ट्यूबलाइटच्या रेघेत दिसते. पोचा पडताना मधला पत्रा आत जातो तेव्हा भोवतीचा पत्रा किंचित वर उचलला जातो. पंप मधलं ओढतो, कड खाली बसवत नाही. घरच्या उपायाचं काम इथे संपतं, आणि मी तिथेच थांबले. पांढऱ्या गाडीवर ती कड फार दिसत नाही, काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर दिसली असती.

दार आतून उघडून मागून ढकलावं, असं कोणी सुचवलं तर माझं मत स्पष्ट आहे: आतलं पॅनेल घरी काढू नका. त्यामागे प्लास्टिकचा एक पातळ कागद चिकटवलेला असतो. काचेवरून दारात शिरणारं पावसाचं पाणी त्या कागदामुळे आत न येता दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. तो फाटला तर पहिल्याच आर्द्रा नक्षत्रात पायाखालचा गालिचा भिजतो. काही गाड्यांत दाराच्या आत एअरबॅगचे सेन्सरही असतात.

त्या काळ्या रबरी डागाला टूथपेस्ट लावली, आणि डाग गेला. टूथपेस्टची ख्याती इतकीच खरी आहे. तिच्यात बारीक घासणारी पूड असते. ती दुसऱ्या गाडीचा लागलेला रंग किंवा अगदी वरवरचा ओरखडा पुसते, पोच्याला तिचा काही संबंध नाही. मऊ मायक्रोफायबरवर वाटाण्याएवढी घ्या, हलक्या हाताने अर्धा मिनिट, मग धुवा. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. दर महिन्याला घासत बसलात तर तो संपेल.

डिओडरंटचा किंवा संगणक साफ करायचा डबा उलटा धरून तापल्या पत्र्यावर फवारायची कल्पना मात्र मनातून काढून टाका. अशा डब्यांतून अतिथंड द्रव येऊ शकतो, तो बोटाला लागला तर त्वचा गोठते. आणि अशा कित्येक डब्यांतला वायू पेट घेणारा असतो. शेजारी ड्रायरची लाल तार असताना हा खेळ घराच्या पोर्चमध्ये, मुलांसमोर कोणी करू नये, असं मी हात जोडून सांगते.

आता मी बिघडवलेला पोचा. उजव्या फेंडरवर नाण्याएवढा खळगा होता. गरम गोंदाच्या बंदुकीने पत्र्यावर छोटी प्लास्टिकची टोपी चिकटवायची आणि गोंद थंड झाल्यावर ओढायची, ही रीत खोटी नाही. कारागीरही ती वापरतात, पण त्यांचा गोंद वेगळा असतो आणि सोडवताना ते अल्कोहोल वापरतात. मी हस्तकलेच्या तासाची बंदूक घेतली. चुंबक लावून पाहिलं नव्हतं. गाडी मी दोन वर्षं वापरलेली घेतली होती, आणि तो फेंडर आधीच्या मालकाने पुट्टी भरून रंगवून घेतलेला होता. टोपी निघाली ती रंग आणि पुट्टीचा पापुद्रा घेऊनच. खळगा तिथेच राहिला आणि आत चमकणारं पोलाद दिसायला लागलं. कारखान्यातून आलेला रंग पत्र्याला घट्ट धरून असतो, नंतर मारलेल्या रंगाचा भरवसा नसतो. चुंबक ढिलं पडलं तर गोंदही नको आणि पंपही नको.

तो महिना होता जून. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. उघड्या पोलादावर तिसऱ्या दिवशी नारिंगी ठिपका आला. किनाऱ्याच्या गावांत, मांद्रे-मोरजीकडे, खाऱ्या वाऱ्यामुळे गंज आणखी वेगाने धरतो. पोचा दहा वर्षं राहिला तरी गाडीला काही होत नाही. उघडा पत्रा दोन पावसाळे राहिला तर गंज रंगाखालून पसरतो, आणि मग पत्रा कापून जोडावा लागतो. म्हणून रंग फुटला असेल तर पोच्याचा विचार सोडून त्याच दिवशी हे करा.

गंज दिसत असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने तेवढ्याच जागेवर पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. स्पिरिटने पुसा, पूर्ण सुकू द्या. प्रायमरचा पातळ थर, तो सुकल्यावर टच-अपचा रंग दोन थर, आणि वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो, दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली शोधा. नुसतं पांढरा म्हणून दुकानात मागितलात तर तीन तऱ्हेचे पांढरे समोर ठेवतील. बाहेर पाऊस कोसळत असेल आणि रंग आणायला चार दिवस लागणार असतील, तर कोरड्या केलेल्या जागेवर पारदर्शक नेलपॉलिशचा थर द्या, तात्पुरतं भागतं. चिकटपट्टी लावू नका, तिच्याखाली पाणी साचतं आणि गंजाला घरच मिळतं.

विम्याबद्दल दोन शब्द, कारण पोचा दिसला की घरातलं कोणीतरी "क्लेम कर" म्हणतंच. माझ्यासारख्या १५०० सीसीच्या आतल्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये पहिले १००० रुपये आपल्याच खिशातून जातात. वर नो क्लेम बोनस जातो, जो पहिल्या बिनक्लेमच्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. ही सूट ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यावर मिळते, तेव्हा आपल्या पॉलिसीवर तो आकडा किती आहे ते बघून वजाबाकी करा. मला एका दाराच्या डेंटिंग-पेंटिंगचे साडेतीन हजार सांगितले होते. माझा बोनस तेव्हा ४५ टक्क्यांवर होता, मी क्लेम केला नाही.

चौथा पोचा नारळाचा. घरासमोरचा माड तेव्हा आठेक मीटर उंच होता. तेवढ्यावरून सुटलेला नारळ खाली येईपर्यंत ताशी ४५ किलोमीटरचा वेग घेतो. दीड किलोचा नारळ छतावर पडला आणि ताटलीएवढा खोल पोचा पडला. रंग फुटला नव्हता. छताला मी पंप लावला नाही, कारण ट्यूबची रेघ कडेला मोडत होती. अशा पोच्यासाठी रंग न लावता पोचे काढणारा कारागीर बोलवावा. पुट्टी, घासणं, रंग, भट्टी यांतलं काही लागत नाही, आणि मूळ रंग राहतो. पर्वरीहून एक तरुण आला. छताचं आतलं अस्तर त्याने एका बाजूने हलकेच खाली उतरवलं, खिडकीच्या वरच्या कडेत पडद्यासारखी एअरबॅग नाही ना हे आधी तपासलं, आणि बाकदार टोकाच्या लांब सळया आत घातल्या. बाहेर पट्टेदार दिवा. पट्टे कुठे वाकतात ते बघत तो एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढी जागा वर ढकलायचा. मध्येच बाहेर येऊन नायलॉनच्या खुंटीने कडेवर टिचकी दिल्यासारखे ठोके. माझ्या दारावर पंपाने जी बांगडी उरली होती, ती कड हा असा खाली बसवत होता. अडीच तास लागले, बावीसशे रुपये घेतले. पट्टे सरळ झाले तेव्हा मला त्या कांसारांचा हंडा आठवला.

कारागिराला बोलावण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: मूळ रंग राहील का, मागून वाट आहे का की भोक पाडणार, आणि पूर्ण निघणार नसेल तर किती राहील. भोक पाडून नंतर रबरी बूच लावतो म्हणणाऱ्याला मी नाही म्हणते. त्या भोकाच्या कडेला रंग नसतो, आणि आपला पाऊस तुम्हांला माहीत आहे.

त्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाडेलीला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, बोलावून माडाचे नारळ उतरवून घेतले. आता तो दर तीन महिन्यांनी येतो, मे महिन्याच्या आधी एकदा नक्की. सुकलेली चुडतंही (झावळ्या) तोच ओढून टाकतो, कारण त्यांचा जाड दांडा छतावर पडला तर पोचा लांबट आणि घडीचा पडतो. गाडी माडापासून सहा पावलं अलीकडे, फणसाच्या बाजूला लावते. फणस धरायला लागले की तिथूनही हलवते.